उजव्या बाजूचं शिंग

"आमच्या उकिरड्यात मैनाची शिंगं पुरून ठेवलीत," असं मी डबा खाताना सांगितलं आणि सोनालीनं तिची मटकी माझ्यापासून लांब ओढली.

"शी! नमे, जेवताना सांगतात का असलं?"

"मग कधी सांगू? प्रार्थनेला?"

सगळ्या हसल्या. आधी मी अशी नव्हते बरं का. गेल्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावर ओढणीचं टोक चावत बसायचे. डावखुरी ना मी, लिहिताना कोपर शेजारणीला लागायचं, म्हणून अंग चोरून बसायची सवयच झालेली. मग नवनाथ सरांनी मैदानावर माझ्या डाव्या हातात थाळी दिली, म्हणाले, "फेक." मी फेकली. ती कुंपण ओलांडून शेजारच्या वांग्यांत पडली. त्यानंतर कर्जतला तालुक्याच्या स्पर्धेत मी पहिली आले, आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुटलंय ते बंदच होत नाही. आई म्हणते, थाळी फेकलीस ती फेकलीस, सोबत लाजपण फेकून आलीस.

तर मैना. मैना आमची म्हैस. काळीकुळकुळीत, आणि नाव मैना. दिवाळीनंतर गेली. आजारबिजार नाही, म्हातारी होऊन गेली. आमच्या कडावच्या शेतात बांधापलीकडे खड्डा खणला, हळदकुंकू वाहिलं. आणि मातीत ठेवायच्या आधी आबांनी करवत मागितली.

बाबा चाट पडले. "आबा, घरचं जनावर हाय ते."

"ठाव हाय मला."

आबा म्हणजे माझे आजोबा, मालोजी. ते शिंगाच्या मुठी बनवतात, कोयत्याला, सुरीला. लाकूड पाण्यानं फुगतं, घामानं निसटतं, शिंग तसं नाही. खालापूरकडच्या तबेल्यात म्हैस मेली की आमच्याकडे फोन येतो आणि बाबांना टेंपो काढावा लागतो. मग दोन दिवस बाबा टेंपोला उदबत्ती लावून फिरतात. पण एक नियम आबांनी कधी मोडला नव्हता. घरच्या जनावराचं शिंग घ्यायचं नाही. जिचं दूध प्यालो तिला अख्खी मातीला द्यायची. आमच्या किती म्हशी गेल्या, सगळ्या शिंगांसकट.

मैनाची शिंगं मात्र त्यांनी स्वतः कापली. कापताना सारखे थांबत होते. मी विचारलं, "कोणासाठी आबा?"

"सुंदराचं हाय हे," एवढंच म्हणाले.

सुंदरा माझी आत्या. चौकला दिली आहे. जुन्या हायवेला तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान आणि पुढं आत्याची शहाळ्यांची टपरी.

शिंगं उकिरड्यात का पुरतात, ते सोनालीला ऐकायचं नव्हतं, तुम्ही ऐका. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. तो ओढून निघत नाही. शेणाच्या उबेत शिंग पुरून ठेवलं की गाभा सुटतो आणि वरचं कवच पायातून मोजा निघावा तसं हातात येतं. वास? वासाचं विचारू नका. पण नंतर पाण्यात उकळून, कानशीनं घासून, खरवताच्या खरखरीत पानांनी चोळून, खोबरेल लावलं ना, की त्या काळ्या मुठीत तुमचं तोंड दिसेल.

एका रविवारी आबांनी मैनाची शिंगं उकिरड्यातून काढली. डावं शिंग बाजूला ठेवलं. "हे गोमाला जायचं," म्हणाले. गोमाआजा वरच्या ठाकूरवाडीतले, आबांचे जुने दोस्त, एका पायानं लंगडतात. उजवं शिंग आबांनी मांडीवर घेतलं आणि त्याच्या टोकाची पांढरी रेघ अंगठ्यानं पुसत बसले. ती काही पुसली जायची नव्हती, शिंगातच होती.

"धर बघू," ते म्हणाले.

मी उजवा हात पुढे केला. मोठ्या माणसाकडून काही घेताना उजवाच करतो ना आपण.

"उजवा नाय. डावा."

मी डाव्यात घेतलं. आणि खरं सांगते, त्या शिंगानं माझा हात ओळखला. त्याचा बाक तळव्याच्या खोलगट भागात असा जाऊन बसला की मी ओरडलेच, "आयला!"

"काय बोल्लीस?"

"अगं बाई म्हणाले, आबा."

आबा हसले. मग त्यांनी सांगितलं की म्हशीच्या डाव्या बाजूच्या शिंगाचा बाक उजव्या मुठीत बसतो आणि उजव्या बाजूच्याचा डाव्या. जगात सगळे उजवे, म्हणून डावी शिंगं कोयत्याला जातात, आणि उजव्या शिंगांच्या नुसत्या भिंतीतल्या खुंट्या होतात.

"मग ही मूठ मला?"

"तुला नाय. सुंदराला. तुझा हात नुसता मापाला. तिचा पंजा तुझ्यापेक्षा मोठा, मी थोडं जास्त ठेवीन."

"पण आत्या कुठं डावखुरी आहे?"

आबांनी कानस उचलली. ते दोन्ही पायांच्या तळव्यांत शिंग पकडून घासतात, योगासन केल्यासारखे. पडवीत केस जळल्यासारखा वास पसरला. मला वाटलं, उत्तर देणार नाहीत. पण त्या दिवसापासून रोज शाळेतून आल्यावर मी मापाला हात देत गेले आणि ते घासता घासता तुकड्या-तुकड्यानं बोलत गेले.

आत्या माझ्याएवढी होती तेव्हा याच पडवीत बसायची. शिंगावर नख टकटक वाजवून आत चीर आहे की नाही सांगायची. आणि सगळं काम डाव्या हातानं. आबांना तिचं भारी कौतुक. तिनं पहिली आख्खी मूठ केली, ती आबांनी आळीभर दाखवली आणि गोमाआजांच्या कोयत्याला बसवून दिली. गोमाआजा राबासाठी, म्हणजे भाताच्या वाफ्यावर जाळायला, ऐनाच्या फांद्या तोडायला झाडावर चढले. पहिल्या दोन-चार घावांतच कोयता मुठीत गरकन फिरला आणि पातं नडगीवर आलं.

"गोमा खाली येऊन एवढंच म्हनला, मूठ फिरली रं मालोजी. बिचाऱ्यानं शिवी नाय दिली. पर आळी बोलाय लागली. डावऱ्या पोरीच्या हातची मूठ, धन्यावरच उलटनार."

"आणि तुम्ही?"

"मीबी तेच धरून बसलो."

आबांनी आत्याच्या डाव्या मनगटाला फडकं बांधलं आणि फडक्याचं दुसरं टोक खांबाला. आता उजव्यानं घास, म्हणाले. याच खांबाला. मी त्या खांबाला टेकूनच बसले होते, जरा पुढे सरकले. आत्या उजव्या हातानं घासायची आणि कानस तिच्या पायाला लागायची. रोज पाय सोलून निघायचे. मग एक दिवस तिनं कानस खाली ठेवली, म्हणाली, "मला नाय करायचं आबा." त्यानंतर ती पडवीत बसली नाही. जेवताना, वाढताना, केर काढताना, सगळं उजव्यानं करायला लागली. आबांना वाटलं, पोरगी सुधारली.

"मंग लगीन करून गेली. आनि मैनानं मला लाथ घातली."

हे सांगताना आबा हसायला लागले, आणि मला कळेना की मी हसू की नको.

झालं असं, की मैनाला पारडी असल्यापासून आत्यानंच वाढवलेली, धारपण तीच काढायची. आत्या सासरी गेली आणि दुसऱ्या दिवशी आबा चरवी घेऊन बसले तर मैनानं चरवी उडवली. आई बसली, आईला लाथ. आबांनी चुचकारलं, पेंड घातली, पाय बांधले. तिचं आपलं तेच. मग कंटाळून आबा पलीकडून गेले, जिकडून कोणीच बसत नाही तिकडून, आणि मैना गपकन उभी राहिली. पान्हा सोडला.

"तवा कळलं गं. गोठ्यात कोन बघतंय? पोरगी तिकडं सगळं डाव्यानंच करत व्हती. डाव्या हाताला बरं पडतं म्हनून पलीकडून बसायची. तिनं म्हशीला शिकवलं, आनि आमाला पत्ता नाय."

मग ते तडक ठाकूरवाडीत गेले. गोमाआजांनी तो कोयता आढ्याला खोचून ठेवला होता, परत कधी वापरला नव्हता. आबांनी तो डाव्या हातात धरला. मूठ अशी बसली की तिच्यापुढे त्यांच्या स्वतःच्या मुठी काहीच नाहीत. आत्यानं मूठ स्वतःच्या हाताच्या मापानं घडवली होती, आणि दिली गेली उजव्या हाताच्या माणसाला. बस, एवढंच. ना शकुन ना अपशकुन.

"मग आत्याला सांगितलंत?"

"काय सांगू?"

"हेच! की चूक तुमची होती."

आबांनी शिंगावरची भुकटी फुंकली. "सांगीन सांगीन म्हनता तुझा जलम झाला. तू पाटीवर डाव्यानं रेघ ओढलीस आनि तुझ्या आईनं तुझा हात धरला..."

ते मला माहीत होतं. आई अजून सांगते. आबा आयुष्यात एकदाच तिच्यावर ओरडले, "ऱ्हाऊ दे तिचा हात!" म्हणून. मला वाटायचं, आबांचा माझ्यावर फार जीव, म्हणून.

मूठ तयार झाली. टोकाकडची पांढरी रेघ आबांनी जपून वर घेतली होती, बरोबर अंगठ्याखाली येईल अशी. कडावच्या लोहाराकडून नवं पातं आणलं, लाख वितळवून बसवलं. आबांच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून शेवटची खरवताची पानं मी चोळली. माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. आत्या कोयता डाव्या हातात घेईल, आबा सगळं सांगतील, दोघं रडतील, मी पण थोडी रडेन, असं सगळं मी ठरवूनच टाकलं होतं. भाषण स्पर्धेसारखं.

बाबांनी टेंपोत घालून आम्हाला चौकला नेलं. आत्या टपरीवर एकटीच होती. समोरून ट्रक धडधडत जात होते.

"आगं बया, नमे! काय उंच झालीस. आनि आबा? काय झालं, सगळं बरं हाय ना?"

"बरंच हाय," आबा म्हणाले आणि बाकड्यावर बसले. फडक्यातली वस्तू त्यांनी माझ्याकडे सरकवली. "तू दे." आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

मी दिली. आत्यानं फडकं सोडलं. तिनं मुठीवर नख वाजवलं, कान जवळ नेऊन. मग पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"मैना?"

"कशी ओळखलीस!"

"उजव्या शिंगाला रेघ व्हती तिच्या. मीच तेल लावायची की." मग आबांच्या पाठीकडे बघून ती हळूच म्हणाली, "घरच्या जनावराचं शिंग घेतलं त्यांनी?"

आणि तिनं कोयता उचलला. उजव्या हातात.

मूठ तिच्या हातात आडवीतिडवी, उपऱ्यासारखी राहिली. तिनं दोनदा फिरवून बघितली. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"आत्या, डाव्या हातात! ती डाव्याची आहे!"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. परत आबांच्या पाठीकडे. तिला कळलं, सगळं कळलं, मी समोर उभी होते ना, तिचा चेहरा मी बघितला. तिनं कोयता डाव्या हातात घेतला. बोटं मिटली. अंगठा बरोबर रेघेवर.

"बसली," ती म्हणाली. इतक्या हळू की ट्रक जात असता तर ऐकू आलं नसतं.

तेवढ्यात एक गाडी थांबली. काच खाली झाली. "मावशी, दोन शहाळी द्या. मलईवाली."

"मार आत्या!" मी म्हणाले. अगदी मैदानावर ओरडतो तसं. "नव्या कोयत्यानं मार!"

आत्या हसली. शहाळं उजव्या हातात धरलं, कोयता डाव्यानं उचलला आणि मारला. पातं सालीवरून सटकलं. शहाळं निसटून गाडीखाली घरंगळत गेलं. तिनं दुसरं घेतलं. या वेळी कोयता खालच्या लाकडी ओंडक्यात रुतला, तिच्या अंगठ्याच्या अगदी शेजारी.

"ओ मावशी, सांभाळून!"

"नवी धार हाय ओ, नवी धार," आत्या मोठ्यानं हसत म्हणाली. पण तिनं कोयता ओंडक्यातून उपटून खाली ठेवला, मागून जुना काढला, ज्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, आणि उजव्या हातानं टच, टच, टच. तीन घावांत शहाळं उघडलं. पुन्हा टच, टच, टच.

आबा रस्त्याकडेच बघत होते.

गाडी गेल्यावर आत्यानं स्टोव्हवर चहा ठेवला. आबांनी घसा खाकरला.

"सुंदरा, तवा ती गोमाची मूठ..."

"तुमच्यात साखर कमी टाकलीय," आत्या म्हणाली. "डाक्टरनं सांगितलंय ना? नमे, ते फडकं दे गं गाळायला, तारेवरचं."

आबा पुन्हा म्हणाले, "ती मूठ काय वाईट..."

"मूठ लय झाक झालीय आबा. कोनाला जमायची नाय अशी."

"वापरशील?"

"वापरीन की."

मग तिनं तो कोयता पुसला, फडक्यात गुंडाळला आणि देवाच्या फोटोजवळच्या खिळ्याला टांगला. देवाजवळ टांगलेली वस्तू कोण रोज वापरतं? मला तेव्हाच रडू यायला लागलं, पण ते मी ठरवलं होतं तसलं रडू नव्हतं. मी चहा ढोसला आणि जीभ भाजून घेतली.

निघताना आत्यानं माझा डावा हात हातात घेतला. उलटा-सुलटा करून बघितला, शिंग बघावं तसा.

"थाळी याच हातानं फेकतेस?"

"हो."

"लांब जाते?"

"खूप लांब."

"फेक मंग," ती म्हणाली आणि हात सोडला.

टेंपोत मी मधे, आबा खिडकीशी. कर्जतजवळ रेल्वेच्या फाटकाला गाडी थांबली तेव्हा आबा बाहेर बघतच म्हणाले,

"नमे, तिनं पयला कुटल्या हातात घेतला गं?"

वर्गात मी हल्ली एवढी बोलते की सर म्हणतात जरा दम घे. आणि इथं एकच शब्द.

"डाव्या," मी म्हणाले.

"मंग बरं झालं."

फाटक उघडलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर ते पडवीत फारसे बसले नाहीत. खालापूरहून एक फोन आला, तर गुडघे दुखतात म्हणाले. मला वाटलं, झालं, आता कानस गंजणार. मी त्यांना म्हणालेसुद्धा की मला शिकवा, माझे दोन्ही हात मोकळे आहेत. ते "बघू" म्हणाले.

मग परवा शाळेतून आले तर पडवीत तोच जळका वास. आबांच्या पायांत एक शिंग होतं. मैनाचं नव्हे. तिचं डावं शिंग केव्हाच गोमाआजांच्या नव्या कोयत्याला बसलं होतं. आता मैनाचं काही उरलं नव्हतं. हे खालापूरच्या कुठल्यातरी तबेल्यातल्या, कुठल्यातरी म्हशीचं. आम्ही तिचं नावही कधी ऐकलं नाही.

"कोणाचं काम आहे, आबा?"

"हाय एक गिऱ्हाईक. रोज लागतं तिला."

ते आणखी थोडं घासत राहिले. मग शिंग फुंकून माझ्यापुढे धरलं.

"धर बघू."

मी दप्तर टाकलं आणि डावा हात पुढे केला.

आबांनी शिंग मागे घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही, खांबाकडे बघत म्हणाले,

"डावा नाय गं. उजवा."